शेवाळाचं खाद्य काठावरून येतं

घट बसण्याच्या आधी बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीच्या काठाला, हिंडलगा, आंबेवाडी, कंग्राळीच्या बाजूला, वाकळांची रांग लागते. अंथरुणं-पांघरुणं, सतरंज्या, वर्षभराचं मळकं सगळं एकदम बाहेर निघतं. ओली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून उलट्या दिशेने पीळ देतात, आणि पांढरा फेस हळूहळू खालच्या डोहाकडे सरकतो.

फिनलंडमध्येही अगदी असंच एक धुणं आहे. तिथल्या घरांत जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेले गालिचे असतात. उन्हाळ्यात ते काठावरच्या लाकडी धक्क्यावर न्यायचे, पाईनच्या साबणाने घासायचे आणि तिथेच पाण्यात खळबळायचे, ही त्यांची जुनी रीत. आता तिथल्या अनेक नगरपालिकांनी धुण्याची जागा काठावरून आत, जमिनीवर आणली आहे. तिथे ओटे आहेत, नळ आहेत, गालिचा पिळायचे रूळ आहेत, आणि फेसाचं पाणी गटारातून शुद्धीकरणाला जातं. बायका-पुरुष पूर्वीसारखेच गप्पा मारत गालिचे घासतात. फक्त फेस तळ्यात जात नाही.

फिनलंडमध्ये लहान-मोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार तळी आहेत आणि उन्हाळी घरं ५ लाखांच्या वर. सुट्टीत माणसं या लाकडी घरांत राहतात, पोहतात, होडी वल्हवतात, गळ टाकून बसतात. पाणी नितळ आहे म्हणूनच तिथे राहण्याला गोडी आहे. मग फेसाची एवढी धास्ती का?

याचं सर्वांत स्पष्ट उत्तर कॅनडाच्या एका तळ्याने दिलं. ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात जंगलातली काही तळी १९६८ पासून केवळ प्रयोगांसाठी राखलेली आहेत. त्यातलं २२६ क्रमांकाचं तळं मधोमध चिंचोळं आहे. तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा जाड पडदा तळापर्यंत सोडून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं. दुसऱ्यात तेच, आणि वर फॉस्फरस. थोड्याच आठवड्यांत फॉस्फरसचा भाग शेवाळाने गच्च हिरवा झाला. पडद्यापलीकडचं पाणी मात्र होतं तसंच राहिलं. विमानातून घेतलेला त्याचा फोटो शंभर भाषणांपेक्षा जास्त बोलला, असं मला वाटतं. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं आणली.

शेवाळाला कार्बन हवेतून मिळतो. काही निळं-हिरवं शेवाळ नायट्रोजनही हवेतून ओढून घेतं. फॉस्फरस मात्र हवेत वायुरूपात नसतो, तो माती, मैला, खत आणि साबणातूनच यावा लागतो. म्हणून तो कमी असला की शेवाळाची वाढ अडते, आणि मिळाला की १ किलो फॉस्फरसवर ५०० किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसू शकतं. हिमयुगातल्या बर्फाने उत्तरेकडची जमीन खरवडून काढली आणि वितळताना मागे खडकातले खळगे ठेवले. ग्रॅनाइटवर मातीचा थर पातळ, म्हणून त्यात साठलेल्या पाण्याला खाद्य मुळातच कमी. तिथली नितळाई ही अशी उपाशी पाण्याची नितळाई आहे.

आपल्याकडे जमीन वेगळी, हवाही वेगळी. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेची तांबडी माती लोहाने भरलेली, आणि लोहाला फॉस्फरस घट्ट चिकटतो. मृगाचे पाऊस झाले की राकसकोप जलाशयाकडे येणारे ओढे लालेलाल होतात. दिवाळीपर्यंत तो लाल रंग खाली बसतो आणि पाणी स्वच्छ झाल्यासारखं दिसतं. पण गाळाबरोबर फॉस्फरसही तळाला जाऊन बसलेला असतो. तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने ऑक्सिजन संपवला की लोहाचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळतं आणि धरून ठेवलेला फॉस्फरस सोडून देतं. म्हणजे बाहेरून काही न येताही तळ्याच्या पोटातूनच शेवाळाला पुरवठा सुरू होतो.

इथे थंडीचा मोठा वाटा आहे. ४ अंश सेल्सिअसच्या १ लिटर पाण्यात सुमारे १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २८ अंशांना तो ८ मिलिग्रॅमच्या खाली येतो. शिवाय पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे उत्तरेकडच्या खोल तळ्यांत शरद ऋतूत वरचं पाणी गार होत तळाशी उतरतं आणि सगळं तळं ढवळून निघतं. वसंतात बर्फ वितळल्यावर पुन्हा तसंच. वर्षातून दोनदा तळाला ताजा ऑक्सिजन पोचतो. आपल्या जलाशयांना ही सवलत नाही, त्यांचं पाणी उबदार आणि कुजणंही वेगाने. म्हणून तेवढाच फॉस्फरस आपल्याला जास्त महागात पडतो. त्यात वाकळांचा वाटा लहान आहे, हे सांगायलाच हवं. गावांचं आणि शहराचं सांडपाणी, नदीकाठच्या उसातून पावसात वाहून जाणारं खत, हे खरे मोठे पुरवठादार.

तळ्यावरच्या शांततेचंही असंच शास्त्र आहे. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटत नाही, वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून उत्तरेकडच्या तळ्यांवरच्या लून या पाणपक्ष्याची साद तळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. हिडकल धरणाच्या ५१ टीएमसीच्या जलाशयावर पहाटे पलीकडच्या काठावरचं बोलणं कानावर येतं ते यामुळेच. इंजिनाची होडी ही शांतता मोडते, आणि उथळ जागी तिचा पंखा तळाचा गाळही उसळवतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या बाउंडरी वॉटर्स भागात १९७८ च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवर इंजिनाला बंदी आली. तिथे आजही लोक वल्ही मारत आठवडा-आठवडा राहतात.

पाणी किती नितळ आहे हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाहिली होती. आपल्याला डब्याचं एक वीतभर रुंद झाकण पुरे. त्याचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवायचे, खाली दगड बांधायचा, दोरीला दर पाव मीटरला गाठ मारायची. भर दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने, तबकडी दिसेनाशी होईपर्यंत सोडायची. मग ओढताना पुन्हा कुठे दिसते ते पाहायचं आणि दोन्ही वेळच्या खोलीची सरासरी लिहून ठेवायची. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो तळ्यात १९६८ मध्ये हा आकडा सरासरी ३१ मीटर होता, अलीकडे तो २० मीटरच्या आसपास आला आहे. ही घसरण कळली ती वर्षानुवर्षं कोणीतरी न चुकता मोजत राहिलं म्हणून. राकसकोप किंवा बेळगावच्या किल्ला तलावावर एखाद्या शाळेने परवानगी काढून मे महिन्यात, श्रावणात आणि दिवाळीनंतर अशी नोंद सुरू केली, तर पावसाचा लाल गाळ कुठला आणि शेवाळाचा हिरवा गढूळपणा कुठला, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच वेगळं दिसू लागेल.