गोव्यात नगरसेवकपदासाठी उमेदवारी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

गोव्यात महानगरपालिका एकच आहे, ती पणजीची. उरलेल्या १३ शहरांचा कारभार नगरपालिकांकडे आहे. मडगाव आणि मुरगाव ही लोकसंख्येने पणजीपेक्षा मोठी शहरे असूनही ती अद्याप नगरपालिकाच आहेत, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. पणजीसाठी २००२ चा स्वतंत्र महापालिका कायदा आहे, तर इतर शहरांना गोवा नगरपालिका कायदा, १९६८ लागू होतो. कायदे वेगळे असले तरी निवडणूक दोन्हीकडे राज्य निवडणूक आयोगच घेतो, सभागृहाची मुदत दोन्हीकडे ५ वर्षांचीच असते आणि उमेदवाराला करावी लागणारी तयारीही बहुतांशी सारखीच असते. ही तयारी अधिसूचना निघाल्यावर सुरू केली तर उशीर होतो, कारण अर्ज भरण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि लागणारे दाखले मात्र वेगवेगळ्या कचेऱ्यांतून जमवावे लागतात.

वयाची अट २१ वर्षे पूर्ण असण्याची आहे. विधानसभेसाठी २५ वर्षे लागतात, पालिकेसाठी राज्यघटनेच्या २४३-व्ही या कलमाने ती सवलत दिली आहे. दुसरी अट मतदारयादीत नाव असण्याची, आणि ती वाटते तितकी साधी नाही. टपालाच्या पत्त्यात ‘पणजी’ लिहिलेले असले म्हणून माणूस पणजी महापालिकेचा मतदार होत नाही. रायबंदर महापालिकेत येते, पण शहराला अगदी खेटून असलेल्या ताळगावात पंचायत आहे, आणि मांडवीपलीकडच्या पर्वरीत राहणारा माणूस रोज कामाला पणजीत येत असला तरी त्याचे मत तिकडच्या पंचायतीतच असते. त्यामुळे प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध होताच आपले, घरच्यांचे आणि सूचकाचे (अर्जावर आपले नाव सुचवणाऱ्या मतदाराचे) नाव स्वतः पाहावे आणि चूक असेल तर हरकतींच्या मुदतीतच अर्ज द्यावा. २०११ च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या ४०,०१७ होती आणि महापालिकेचे प्रभाग ३० आहेत, म्हणजे एका प्रभागात सरासरी तेराशेच्या आसपास माणसे. इतक्या लहान प्रभागात एकाच इमारतीची नावे शेजारच्या प्रभागात गेली तरी निकालाचे गणित बदलू शकते.

नागरिकत्वाचा मुद्दा गोव्यात विशेष काळजीने तपासावा लागतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व घेता येते, आणि अनेक कुटुंबांनी युरोपात नोकरीसाठी ते घेतलेही आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व जाते आणि त्याबरोबर मतदानाचा व उमेदवारीचा हक्कही जातो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड असले, तरी त्याच्या आधारे निवडणूक लढवता येत नाही. अशी नोंदणी झाली असेल, मग ती वडिलांनी लहानपणी केलेली का असेना, तर वकिलाचे मत अर्ज भरण्याआधी घ्यावे; हा आक्षेप छाननीच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकण्याची वेळ येऊ नये.

अपात्रतेच्या इतर कारणांत फौजदारी शिक्षा, दिवाळखोरी, सरकारी नोकरी किंवा लाभाचे पद, पालिकेची थकबाकी आणि पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध ही प्रमुख आहेत. थकबाकीमध्ये लोक घरपट्टी भरून निर्धास्त होतात आणि दुकानाच्या व्यापार परवान्याचे शुल्क, कचरा शुल्क किंवा पालिकेच्या मार्केटातील गाळ्याचे भाडे विसरतात. म्हणून सर्व पावत्या एकत्र करून थकबाकी नसल्याचा दाखला आगाऊ मागावा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर कोणत्या घर क्रमांकाची पट्टी कोणी भरली आहे, हेही पावतीवरून दाखवता आले पाहिजे.

कंत्राट आणि मालमत्ता यांबाबत गोव्याचा नागरी कायदा एक गुंतागुंत आणतो. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. मालमत्तेचे विवरण मागितलेले असेल तेव्हा केवळ स्वतःच्या नावावरची जमीन लिहून भागत नाही. पती पालिकेचा कंत्राटदार आणि पत्नी उमेदवार, अशी स्थिती असल्यास या सामाईक हक्कामुळे आक्षेप येऊ शकतो, त्यामुळे तो प्रश्न आधीच निकाली काढणे श्रेयस्कर.

प्रभाग राखीव असेल तर प्रवर्गाचा दाखला जोडावा लागतो. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा घटनेनेच राखल्या आहेत. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की माजी नगरसेवकाच्या पत्नीचे नाव पुढे येते, हेही आता नित्याचे झाले आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा २००३ पासून अनुसूचित जमातींत समावेश आहे. आरक्षणाची अधिसूचना नीट वाचावी, कारण ती न्यायालयात टिकेलच असे नाही : २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे येथील प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केले, १२ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि या पाच पालिकांची निवडणूक नंतर स्वतंत्रपणे घ्यावी लागली.

अर्ज विहित नमुन्यात, निर्वाचन अधिकाऱ्याकडे, अनामत रकमेच्या पावतीसह दाखल करायचा असतो. सूचक त्याच प्रभागातील मतदार निवडणे सर्वांत सुरक्षित. मतदार ओळखपत्र, जन्मदाखला, नमुन्यात मागितलेली घोषणापत्रे व शपथपत्रे आणि छायाचित्रे यांच्या दोन प्रती ठेवाव्यात. गोव्यात एकाच माणसाचे आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे आणि मतदार ओळखपत्रावर मराठी वळणाचे असते; दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र किंवा नावबदलाची नोंद जवळ असावी. छाननीला स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीने हजर राहावे. माघारीची मुदत संपल्यावर चिन्हे मिळतात. २०२१ ची पालिका निवडणूक पक्षचिन्हांवर झाली नव्हती. राजकीय नेत्यांच्या पाठिंब्याची पॅनल्स मात्र उघडपणे रिंगणात होती.

निकालानंतर खर्चाचा हिशेब ठरलेल्या मुदतीत आयोगाकडे सादर करणे बंधनकारक असते, आणि हरलेल्या उमेदवारालाही ते चुकत नाही. पणजीत महापौर आणि उपमहापौर, तर अन्य शहरांत नगराध्यक्ष, निवडून आलेले नगरसेवकच आपल्यातून निवडतात. निवडणुकीलाच आव्हान द्यायचे असेल, तर कायद्याने सांगितलेल्या प्राधिकरणापुढे मुदतीत निवडणूक याचिका दाखल करावी लागते.