वीज अटकाव यंत्र बसवण्याआधी हे वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

घरं, कोठे आणि गोदामांवर वीज अटकाव यंत्र बसवणं हा आमचा धंदा. पण मार्च ते जूनमध्ये आभाळ भरून आलं की आमची गाडी त्या आभाळामागे निघते, हे तुम्ही पाहिलं असेल. बारा वर्षं झाली. वीज कशावर पडते आणि पडल्यावर जमिनीत कुठे जाते, हे दुकानात बसून कळत नाही, म्हणून आम्ही जातो.

दर्यापूर, अकोटकडचा मुलूख यासाठी फार चांगला. सपाट वावरं, तुरळक बाभळी, मध्ये आडोसा नाही. गाविलगडाच्या डोंगरावर दुपारी फुलकोबीसारखा ढग वर चढायला लागला की तो चाळीस किलोमीटरवरून दिसतो. खाली बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल, वर पश्चिमेची कोरडी हवा आणि तापलेली जमीन. एवढं जुळलं की तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला की गडगडाट ठरलेला. मग गार वारा सुटतो. पावसाबरोबर ढगातून खाली कोसळलेली ही हवा पावसाच्या पुढे धावते. उन्हाने जीव कासावीस झालेला असतो, वारा बरा वाटतो, आणि निंदणाऱ्या बाया म्हणतात, एवढी ओळ उरकून घेऊ. आमच्या मते सगळ्यांत धोक्याची वेळ हीच. पाऊस अजून दूर असतो, पण वीज ढगापासून दहा किलोमीटर पुढेही पडते.

म्हणून मोजायला शिका. वीज चमकली की एक, दोन, तीन मोजायला सुरुवात करा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, काम तिथेच सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वावरात पाय ठेवू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजेची सूचना देतं. ते जरूर घ्या, पण रेंज नसली तरी मोजणी चुकत नाही.

सुरुवातीला आम्ही मोटरसायकलवर फिरायचो. ती आमची मोठी चूक होती. अमेरिकेच्या ओक्लाहोमात ३१ मे २०१३ रोजी एल रिनोजवळच्या टोर्नेडोत, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळात, टिम समारास हे वादळांचे नावाजलेले अभ्यासक, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी दगावले. त्यांच्यासारखी अनुभवी माणसं सापडली, तर आपण कोण? आता आम्ही काचा बंद केलेल्या जीपमधूनच पाहतो आणि ढगाच्या वाटेत जात नाही. पत्र्याच्या बंद गाडीत वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते. मोटरसायकल, बंडी किंवा उघड्या ट्रॅक्टरवर तो आधार नाही.

एका जूनमध्ये मूर्तिजापूरकडे धुऱ्यावरच्या बाभळीखाली बांधलेली बैलजोडी पडलेली आम्ही पाहिली. झाडाची साल वरपासून बुंध्यापर्यंत बोटभर रुंद सोलली होती, आतलं लाकूड ओलं चमकत होतं. बैलांच्या अंगावर साधी खूणही नव्हती. दावं खुंट्याला तसंच. झाडातून उतरलेली वीज जमिनीत चहूकडे पसरते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, त्यामुळे ती एका पायातून शिरून छातीमधून दुसरीकडे निघते. आडोसा मिळालाच नाही, तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका, एकमेकांपासून लांब राहा. बैल झाडाखाली बांधू नका, असं आम्ही तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

आता आमच्या कामाचं. यंत्र म्हणजे वरचा दांडा, खाली येणारी पट्टी आणि जमिनीतलं अर्थिंग, म्हणजे वीज मातीत सोडणारा पुरलेला रॉड. लोक दांडा पाहून पैसे मोजतात, काम अर्थिंग करतं. आमच्या पहिल्या वर्षी आम्हीच एका घराला तीन फुटांवर रॉड ठोकला होता. पावसाळ्यात रीडिंग, म्हणजे वीज मातीत उतरताना होणाऱ्या अडथळ्याचं ओहममधलं माप, छान कमी आलं. मे महिन्यात गेलो तर काळ्या मातीला मनगट जाईल एवढी भेग पडलेली, आणि रॉड दुधाच्या दातासारखा हलत होता. मातीच धरत नसेल तर वीज जाणार कुठे? तो रॉड आम्ही आमच्या खर्चाने बदलला. आता भेगांच्या खाली, ओल टिकते तिथवर उतरतो. खारपाणपट्ट्यात उलटं आहे. खारी जमीन वीज छान ओढून घेते, पण लोखंड खाते. तिथे आम्ही तांब्याचा मुलामा दिलेले रॉडच वापरतो आणि दरवर्षी जोड उघडून पाहतो.

एकाच खांबाने शंभर मीटरचं शेत सुरक्षित होतं, असं सांगणारे बरेच येतात. आयएस/आयईसी ६२३०५ या वीज अटकावाच्या मानकात त्याला आधार नाही, आम्ही तसं विकत नाही. आमचा दांडा ज्या इमारतीवर बसवला, ती इमारत सांभाळतो. वावरातल्या माणसाला तो वाचवत नाही. तारेतून येणारा झटका मोटारीचं स्टार्टर आणि टीव्ही जाळतो, त्यासाठी बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस वेगळं लागतं. बिलात ते वेगळं लिहिलेलं असतं.

अर्थिंगचं रीडिंग आम्ही मे महिन्यातच घेतो, जमीन सगळ्यांत कोरडी असताना. तेव्हा दहा ओहमच्या आत आलं तरच काम पास. आधी आमच्याकडून बसवलेल्यांची ही तपासणी फुकट आहे. फक्त रॉडजवळची माती आधी भिजवून ठेवू नका.