सातबारा कुणाच्या नावावर? पहिलं संकेतस्थळ बांधण्याआधीची पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका महिला शेतकरी गटाच्या बैठकीला मी मागच्या उन्हाळ्यात बसलो होतो. अंगणात उकडलेली हळद वाळत पडली होती आणि ओसरीवर चर्चा चालली होती संकेतस्थळाची. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, माल कसदार आहे, मग गिऱ्हाइकापर्यंत थेट का जाऊ नये, असा त्यांचा सरळ हिशेब. तसं त्यांनी एकदा संकेतस्थळ काढलंही होतं. शहरातल्या एका माणसाला पैसे दिले, त्यानं आठवड्याभरात करून दिलं, गटानं हौसेनं पिशव्यांवर पत्ता छापून घेतला. दीड वर्षानं कुणीतरी तो पत्ता उघडला, तर तिथं भलतीच जाहिरात. पत्त्याची नोंदणी त्या माणसाच्या नावावर होती. पुढच्या वर्षीचे पैसे त्यानं भरले नाहीत, पत्ता मोकळा झाला आणि दुसऱ्या कुणी उचलला. छापलेल्या पिशव्यांचा गठ्ठा अजून कोठीत पडून आहे.

त्या बायांची यात काही चूक नव्हती. पत्ता, जागा आणि पान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वेगळ्या का आहेत, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एक टिपण आपल्या वरिष्ठांना दिलं. अडचण अगदी घरगुती होती. संस्थेत माणसं दोन-दोन वर्षांसाठी येत, काम करत आणि निघून जात. कुणाला काय माहीत होतं, ते त्यांच्याबरोबरच जाई. टिपणाच्या पहिल्याच पानावर गोल आणि बाण काढलेली एक आकृती होती. कुठली माहिती कशाला जोडलेली, एवढंच ती दाखवत होती. वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला : धूसर आहे, पण उत्साह वाटावा असं आहे. म्हणजे ज्याला आज आपण वेब म्हणतो, त्याची सुरुवात कागदावरच्या गोल-बाणांनी झाली. नवख्या माणसाला मी पहिल्यांदा हेच करायला लावतो. त्या बैठकीतही वहीचं मधलं पान फाडून घेतलं आणि पाच गोल काढले : आम्ही कोण, हळद कशी करतो, भाव, मागवायची कशी, फोन. बाण कुठून कुठं जाणार, यावर अर्धा तास वाद झाला. तो अर्धा तास वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही.

जगातलं पहिलं संकेतस्थळ ज्या नेक्स्ट संगणकावर होतं, त्यावर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर (म्हणजे मागेल त्याला पानं पुरवणारं यंत्र) आहे, बंद करू नका. ते बंद पडलं की अख्खं वेब बंद, अशी तेव्हाची अवस्था. आमच्याकडे भारनियमनात ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना या चिठ्ठीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पान चोवीस तास उघडं राहायचं तर ज्या यंत्रावर ते ठेवलंय, ते चोवीस तास जागं पाहिजे, आणि तसं यंत्र घरी ठेवणं कास्तकाराला परवडणारं नाही. म्हणून जागा भाड्यानं घ्यायची. त्याला होस्टिंग म्हणतात. वावर मक्त्यानं करण्यासारखंच ते : पीक आपलं, जमीन दुसऱ्याची, मुदत संपली की मक्ता भरा, नाहीतर आपला माल उचलून दुसरीकडे न्या.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे तंत्र सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं केलं. कुणाची परवानगी नको, स्वामित्वशुल्क नको. समुद्रपूरच्या बाईला आज कुणाला न विचारता पान उघडता येतं, ते या एका कागदामुळे. मला हा निर्णय त्या शोधाइतकाच मोठा वाटतो.

पान लिहायची भाषा, एचटीएमएल, सुरुवातीला अगदी थोडकी होती. १९९१च्या यादीत जेमतेम १८ खुणा : मथळा, परिच्छेद, यादी, दुवा असल्या. १९९३च्या मोझेक ब्राउझरनं मजकुराच्या मधोमध चित्रं दाखवली आणि पानांना रूप आलं. रंग, आकार, मांडणी वेगळी लिहायची सोय, म्हणजे सीएसएस, डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून आली. पानाला हालचाल देणारी भाषा, जावास्क्रिप्ट, १९९५ची. आजही पाया तोच आहे. त्या पहिल्या १८ खुणांपैकी बऱ्याच खुणा अजून चालतात आणि गटाला लागणारं साधं पान तेवढ्यावर उभं राहतं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही महानगरांत. गावाकडे ते पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पण आमच्या भागातल्या माणसाचा खरा अडसर तारेचा नव्हता, लिपीचा होता. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण त्या काळाच्या खुणा अजून पानांवर दिसतात.

डीटीपीच्या दुकानात तेव्हा जी मराठी टाइप व्हायची, ती दिसायला मराठी असे. यंत्राच्या पोटात ती रोमन अक्षरंच असत. कृतिदेव ०१० फॉन्टात ‘हळद’ लिहा. पडद्यावर हळद दिसते, पण साठवलेलं असतं लहान जी, मोठा जी आणि एन. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट आहे त्याला हळद, ज्याच्याकडे नाही त्याला जी-जी-एन. मराठी संकेतस्थळं आधी आपला फॉन्ट उतरवून घ्यायला सांगायची, ते यासाठी. शोधयंत्रालाही तिथं हळद सापडत नव्हती, कारण तिथं हळद नव्हतीच.

यावरचं उत्तर तोवर तयार झालं होतं. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या सांकेतिक प्रमाणाच्या आधारानं देवनागरीला ऑक्टोबर १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामायिक प्रमाणात, जागा मिळाली होती. पण ती वापरणारी यंत्रं लोकांच्या टेबलावर यायला बराच काळ लागला. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला, तेव्हा कुठे घराघरातल्या संगणकावर खरी देवनागरी उमटू लागली. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच युनिकोडवर वाढला.

त्यातही आपल्या मराठीचं एक दुखणं राहिलं होतं. ‘शेतकऱ्यांकडून’ हा शब्द घ्या. गटाच्या पानावरचा हा पहिलाच शब्द. साधा र, हलन्त आणि य लिहिला की रफार वर जातो आणि होतं ‘शेतकर्यांकडून’. हिंदीवाल्याला त्यात काही खटकत नाही. आपल्या डोळ्याला मात्र लगेच टोचतं. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरला की अर्धा र बरोबर उमटतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की तो येतो. मी त्या गटातल्या शिकलेल्या मुलीला हे एकदा दाखवलं. तिनं सगळ्या पानांवरचे सात रफार स्वतः हुडकून दुरुस्त केले. आपली भाषा नीट लिहिली जावी यासाठी एवढी खटपट करणारं माणूस गटात असलं की पुढची चिंता कमी होते.

जुनी खोड मात्र वेगळ्या रूपात परत आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं पोस्टर उचलायचं आणि जसंच्या तसं पानावर चिकटवायचं. भाव चित्रात, फोन नंबर चित्रात, पत्ता चित्रात. शोधयंत्राला त्या चित्राचा फारसा उपयोग नाही, डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला नाही, आणि रेंज कमी असेल तर ते चित्र उघडतच नाही. मजकूर मजकूर म्हणूनच लिहावा.

बांधायची साधनं सोपी होत गेली, त्याचं फार सांगण्यासारखं नाही. जिओसिटीजनं १९९५पासून लोकांना फुकट जागा दिली. १९९९ मध्ये याहूनं ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. लाखो माणसांची हातानं केलेली पानं त्या दिवशी जागेवरून गेली, काही स्वयंसेवकांनी वाचवली तेवढी वाचली. २७ मे २००३ला वर्डप्रेस आलं, मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांचं, मुक्त आणि फुकट. आज जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं त्यावर चालतात. त्याचा मोठा गुण माझ्या मते हा, की मजकूर उचलून दुसऱ्या जागी नेता येतो. फुकटच्या जागेत ती सोय आहे का, हे आधी बघावं.

आता पत्ता. एकेकाळी जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं एका फाइलीत असत आणि ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत हातानं सांभाळली जाई. यंत्रं वाढली तशी ती फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विभागून सांभाळायची पद्धत आखली : डोमेन नेम सिस्टीम. नोंदणीला पैसे पडू लागले सप्टेंबर १९९५पासून, वर्षाला ५० डॉलर. तेव्हापासून पत्ता हा कायमचा विकत मिळत नाही, मुदतीनं मिळतो. भारताचं डॉट इन २००५च्या आरंभी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं.

इथं कास्तकाराला समजेल ती तुलना सातबाऱ्याचीच. पेरलं कुणी, राबलं कोण, याला किंमत नाही. नोंद कुणाच्या नावावर आहे ते बघतात. डोमेन घेताना भरायच्या अर्जात नाव, ईमेल आणि फोन कुणाचा जातो, त्यावर सगळं ठरतं. बनवून देणारा माणूस बहुतेक वेळा सोयीसाठी स्वतःचंच ईमेल टाकतो. वाईट हेतू असतोच असं नाही. पण मुदत संपत आल्याची सूचना मग त्याच्याच पेटीत जाते.

२०१६ हे साल आमच्याकडे अनेक अर्थांनी महत्त्वाचं. वायगावच्या हळदीचं मानांकन त्या वर्षीचं. मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून पुढं आलं ते त्याच वर्षी, आणि सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर ज्या घरात संगणक कधीच येणार नव्हता, तिथं इंटरनेट खिशातून आलं. पान पडद्याच्या रुंदीप्रमाणं आपोआप बसवायची रीत त्याआधीच, २०१० मध्ये, इथन मार्कोट यांनी मांडली होती. तरीही अजून संकेतस्थळ बनवणारा मोठ्या पडद्यावर काम करतो आणि बघणारी बाई पाच-सहा इंची फोनवर, तेही वावरात, उन्हात. म्हणून मी पान पहिल्यांदा फोनवर उघडून बघायला सांगतो.

सुधारणेचीही एक जुनी, स्वस्त रीत आहे. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सन यांनी २००० साली लिहिलं की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक मोठे दोष बाहेर पडतात. आम्ही पाच बायांच्या हातात फोन दिला, काही सांगितलं नाही. गटातल्या सगळ्यात वडील आजींनी बोटानं पान वर-खाली केलं, हळदीचे फोटो बघून हरखल्या आणि विचारलं, “भाऊ, हे तं सारं बेस हाय, पन हळद कशी किलो हाय ते कुठी लिवलं?”

भाव चौथ्या पानाच्या तळाशी होता. त्याच दुपारी तो पहिल्या पानावर, नावाच्या खाली आणला.

नवा पत्ता आता गटाच्या नावावर आहे. ईमेल गटाचं, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे, आणि मुदत संपण्याची तारीख ठरावाच्या वहीत लाल शाईनं लिहिलेली.