ब्रुज आणि ईप्रला जायचंय? बेल्जियमच्या व्हिसाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

वेस्ट फ्लँडर्स हा बेल्जियमच्या दहा प्रांतांपैकी समुद्रकिनारा लाभलेला एकमेव प्रांत. मध्ययुगात कापडाच्या व्यापारावर गब्बर झालेल्या फ्लँडर्स काउंटीचा हा पश्चिमेकडचा भाग. राजधानी ब्रुज, तिथलं जुनं गावठाण २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. दक्षिणेला ईप्र आहे, जिथे पहिल्या महायुद्धात लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक लढले. आपल्याकडच्या बहुतेक टूर ब्रुज दुपारच्या चार तासांत उरकतात आणि ईप्रकडे फिरकतही नाहीत. ज्यांना स्वतःच्या हिमतीवर जाऊन या प्रांतात चार-सहा रात्री मुक्काम करायचा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

प्रांतात जायला वेगळा परवाना लागत नाही. लागतो तो शेंगेनचा, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्प मुदतीचा ‘सी’ प्रकारचा व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. हा व्हिसा घेऊन ईप्रहून सरळ फ्रान्समध्ये जाता येतं, वाटेत सहसा कोणी अडवत नाही. लंडन मात्र वेगळं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि तिथून परत बेल्जियममध्ये यायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा.

अर्ज बेल्जियमकडेच का?

नियम साधा आहे. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. पॅरिसला तीन रात्री आणि ब्रुज-ईप्रला पाच, तर बेल्जियम. दिवस सारखेच असतील तर पहिलं पाऊल जिथे पडणार तो देश. विमान ॲमस्टरडॅमला उतरतंय की पॅरिसला, याने एरवी फरक पडत नाही.

‘ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे अर्ज टाका, आत गेल्यावर कोण विचारतंय’ असं सांगणारे एजंट पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकू नका. विमानतळावरचा अधिकारी हॉटेलची बुकिंग मागू शकतो, आणि एका देशाचा व्हिसा व दुसऱ्याच देशात सगळा मुक्काम असं दिसलं तर उत्तरं देता देता नाकीनऊ येतात. पुढच्या अर्जाच्या वेळीही ते आडवं येतं.

अर्ज तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातून करायचा. दुबईत किंवा न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने तिथूनच करायचा, सुट्टीला घरी आला म्हणून मुंबईत नव्हे. जर्मनीसारख्या दुसऱ्या शेंगेन देशाचा वैध रहिवासी परवाना असेल तर बेल्जियमच्या सहलीला व्हिसा लागतच नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड सोबत ठेवा, झालं.

पासपोर्ट, मुदत, फी

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात किमान दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात; फाईल ब्रुसेल्सच्या परदेशी नागरिक विभागाकडे गेली तर ४५ पर्यंत. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर फेब्रुवारीतच हात घाला, कारण एप्रिलमध्ये अख्खा महाराष्ट्र रांगेत असतो.

फॉर्म बेल्जियमच्या ‘व्हिसा ऑन वेब’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, छापायचा, सही करायची आणि अपॉइंटमेंट घेऊन व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात स्वतः हजर राहायचं. तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे अलीकडे शेंगेनवारी झाली असेल तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. केंद्र फक्त कागद गोळा करून पुढे पाठवतं. व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवतं बेल्जियमचं सरकार, तेव्हा काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नाही.

जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहाच्या आतल्यांना माफ. रुपयांतला आकडा विनिमय दराप्रमाणे बदलतो. वर केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही.

कागदपत्रं: गठ्ठा नको, मेळ हवा

जाड फाईल पाहून अधिकारी खूष होतो असा एक समज आहे. खरं तर त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: का जाताय, पैसे कुठून, आणि परत येणार कशावरून. प्रत्येक कागदाने या तिन्हींपैकी एकाचं उत्तर द्यावं आणि कोणताही कागद दुसऱ्याला खोटं पाडू नये. बहुतेक फायली कागद कमी पडल्याने अडत नाहीत, कागद एकमेकांशी भांडतात म्हणून अडतात.

सुरुवात नावापासून. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव, बँकेत माहेरचं, पॅनवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं आणि पगारपत्रकावर नुसती आद्याक्षरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण ब्रुसेल्समधल्या माणसासमोर त्या चार वेगवेगळ्या बायका असतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं गॅझेट जोडा, आणि अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ लिहा की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत. तिकीट आणि विमा मात्र पासपोर्टवरच्या नावानेच, अक्षरन् अक्षर तसंच.

पैशाचं. बेल्जियमने दिवसाचा हिशेब ठरवून दिला आहे: हॉटेलात राहणाऱ्याला माणशी रोज ९५ युरो, कोणाच्या घरी राहणाऱ्याला ४५ युरो. म्हणजे नवरा-बायको आठ दिवस हॉटेलात, तर १,५२० युरो. तेवढे तरी खात्यात दिसायला हवेत, आणि दिसायला हवेत ते सवयीने असल्यासारखे. स्टेटमेंटमध्ये वर्षभर वीस-पंचवीस हजारांवर रेंगाळणारं खातं अर्जाच्या आठवड्यात एकदम पाच लाखांवर गेलं, की ती रक्कम उसनी आहे हे कोणीही ओळखतं. एफडी मोडली असेल, घर विकलं असेल, मुलाने पाठवले असतील, तर त्याचा कागद जोडा. खरं कारण असलं की मोठी रक्कमही खटकत नाही.

नोकरदारांनी पगाराच्या स्लिपा, प्राप्तिकर विवरणपत्र आणि कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र द्यावं. त्या पत्रातल्या तारखा तिकिटाच्या तारखांशी जुळतात ना, ते दोनदा बघा. धंदेवाल्यांनी जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, निवृत्तांनी पेन्शनचे कागद. शेतकरी आई-वडिलांच्या बाबतीत घोडं अडतं ते विवरणपत्रापाशी, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी ते कधी भरलेलंच नसतं. तिथे सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं किंवा बाजार समितीच्या पट्ट्या चालतात. फक्त त्या मराठीत असतात, आणि व्हिसा अधिकाऱ्याला मराठी येत नाही. इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळ कागदाच्या मागे लावा. सातबारा हा परत येण्याचा चांगला पुरावा असतो. जमीन मागे सोडून माणूस कुठे पळत नाही, हे तिकडेही कळतं.

प्रवासाचा आराखडा एका पानाचा पुरे. कोणत्या रात्री कुठे, कसं जाणार, काय बघणार. ब्रुजला सहा रात्रींचं बुकिंग आणि आराखड्यात रोज नवं शहर, असं नको. ईप्रला जाण्याचं खास कारण असेल तर ते जरूर लिहा. मेनिन गेट या स्मारकावर ५४,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं कोरलेली आहेत आणि त्यात हिंदी सैनिकही आहेत. तुमच्या घराण्यातलं किंवा गावातलं कोणी त्या युद्धात गेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदीत नाव फुकट शोधता येतं. स्मारक कोणतं आणि नाव कोणत्या पॅनेलवर, हेही तिथे मिळतं. नोंदीची ती प्रत आराखड्याला जोडली की सहलीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सशी, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाशी, नातं असलेल्या घरांनी शोध थोडा रुंद ठेवावा. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात जबर किंमत मोजली. ते गाव सीमेपलीकडे फ्रान्समध्ये आहे आणि १९२७ साली उभारलेलं हिंदी सैनिकांचं स्मारकही तिथेच आहे. ईप्रहून गाडीने अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, याच व्हिसावर.

वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. तिकिटाचं आरक्षण पुरतं. व्हिसा हातात येण्याआधी पैसे अडकवणारं तिकीट काढू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते. दोघांपैकी एकच सोबत जाणार असेल तरी दुसऱ्याचं संमतिपत्र हवं.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर

बेल्जियममधल्या यजमानाला तुमच्या खर्चाची हमी घेता येते. त्या हमीपत्राला ‘तीन बिस’ म्हणतात. यजमानाने आपल्या गावच्या पालिकेत जाऊन ते सही-शिक्क्यानिशी घ्यायचं, सोबत आपल्या उत्पन्नाचे पुरावे द्यायचे. यातली मेख अशी की ही हमी बेल्जियन नागरिक किंवा तिथे बेमुदत राहण्याचा हक्क असलेलाच देऊ शकतो. आयटी कंपनीच्या मुदतीच्या परवान्यावर गेलेल्या मुलाला ती देता येत नाही. अशा वेळी मुलाचं साधं निमंत्रणपत्र, त्याच्या रहिवासी परवान्याची प्रत आणि तुमच्या स्वतःच्या खात्यात रोजच्या ४५ युरोंची सोय, असा मार्ग उरतो. हमी देणाऱ्यानेही विचार करून सही करावी, कारण पाहुण्याच्या खर्चाची ती जबाबदारी दोन वर्षं मानेवर राहते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना कोणी सांगतच नाही. कोणाच्या घरी उतरलात तर पोहोचल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तिथल्या पालिकेत जाऊन आगमनाची नोंद करायची असते. हॉटेलात उतरणाऱ्यांना हे करावं लागत नाही, ते काम हॉटेल करतं.

व्हिसा आल्यावर आणि न आल्यावर

पासपोर्ट हातात आला की स्टिकर तिथेच वाचा. त्यावर तीन वेगळ्या गोष्टी असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती प्रवेश, आणि किती दिवस मुक्काम. दहा दिवसांच्या सहलीला पंचवीस दिवसांच्या खिडकीचा व्हिसा दिसला म्हणून पंचवीस दिवस राहता येत नाही. जादा पंधरा दिवस तारखा मागेपुढे होतील म्हणून दिलेले असतात. मुक्काम दहाच दिवसांचा.

एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक चांगली सवलत आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. म्हणून जुने व्हिसे आणि शिक्के असलेला आधीचा पासपोर्ट रद्दीत टाकू नका.

नाकारला तर कारण लेखी मिळतं. ३० दिवसांत ब्रुसेल्समधल्या परदेशी नागरिक विवाद परिषदेकडे अपील करता येतं, पण तिथलं काम फ्रेंच किंवा डचमध्ये चालतं आणि व्यवहारात तिथला वकील करावा लागतो. आठवड्याच्या सहलीसाठी तो खटाटोप परवडत नाही. दिलेलं कारण दूर करून नवा अर्ज करणं स्वस्त पडतं. कारण दूर न करता तीच फाईल पुन्हा टाकणं म्हणजे ९० युरो पाण्यात.

सीमेवर आणि प्रांतात

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. त्यासाठी आधी कुठलाही अर्ज करायचा नसतो. ‘एटियास’ नावाच्या परवान्याची जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करा. तो ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

बॅगेत तूप, पेढे, चक्का, कोणताही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ नको. युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यातून सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला. म्हणजे ओटीचा नारळ चालेल, भाच्यासाठी नेलेला हापूस कचऱ्यात जाईल.

ब्रुसेल्सहून ब्रुजला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं. ईप्रला जाताना कोर्ट्रैकला गाडी बदलायची. मेनिन गेटखाली रोज रात्री आठ वाजता बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात; तिकीट नाही, नोंदणी नाही, पण पुढे उभं राहायचं तर वेळेच्या बरंच आधी जा. समुद्राकाठी दे पान ते क्नोके अशी ६७ किलोमीटरची ट्राम आहे. कंटाळा आला की उतरायचं, पुढची पकडायची.

सोबत वयस्कर कोणी असेल तर विमानतळावरची व्हीलचेअर विमान कंपनीकडे ४८ तास आधी सांगा. ती फुकट असते आणि आधी सांगितलेल्यांना आधी मिळते. रेल्वेत चढ-उतार करायला मदत हवी असेल तर तीही आदल्या दिवशीच नोंदवून ठेवा. ब्रुजच्या गल्ल्या फरसबंद दगडाच्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना तासाभरात जाणवतं. हॉटेल बाजारचौकाजवळ घ्या, स्टेशनाजवळ नको. घंटाघराला ३६६ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आई-वडिलांना खाली चौकात बसवून एकेकाने वर जाऊन यावं.