लाकूड नेण्याआधी ओलाव्याचा हिशेब

आमच्या वखारीतून बंबासाठी आणि चुलीसाठी लाकूड नेणाऱ्या घरांसाठी हे पत्रक आहे.

“लाकूड पेटत नाही, नुसता धूर होतो,” ही तक्रार पावसाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येते. दोष बहुतेक वेळा झाडाच्या जातीत नसतो, ओलाव्यात असतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असते. त्या पाण्याची वाफ करायला लागणारी आच त्याच लाकडातून जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 615 किलोकॅलरी लागतात. तेवढ्यात आंघोळीची 15 लिटरची बादली 40 अंशांनी तापली असती.

आता वजनाचे पाहा. 100 किलो ओले लाकूड घेतलेत, तर त्यात 50 किलो पाणी. तेच वाळून ओलावा 20 टक्क्यांवर आला की वजन भरते साधारण 62 किलो, आणि उष्णता मात्र आधीच्या 100 किलोंपेक्षा जास्त मिळते. त्यामुळे सुक्या लाकडाचा भाव किलोमागे दीडपट असला तरी ते स्वस्तच पडते.

ओल्या लाकडाची आच मंद, म्हणून त्यातले वायू पुरते जळत नाहीत. तोच धूर चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, धुराड्यात डांबरासारखा थर धरतो. आम्हाला याचे पैशांपेक्षा जास्त वाटते.

सुके लाकूड एकमेकांवर आपटले की ठणठणीत वाजते, टोकांना भेगा दिसतात. ओले जळताना टोकाला फेस येतो. खात्री हवी तर एका फाट्यावर खडूने वजन लिहून ठेवा आणि दर आठवड्याला तोला. वजन उतरायचे थांबले की वाळले.

ओंडके तसेच ठेवू नका. मनगटाएवढे फोडून विटांवर रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले तर ओल आतच कोंडते. पावसाने वरवर भिजलेले सुके लाकूड काही दिवसांत पुन्हा वाळते. हिरव्याला महिने लागतात. म्हणून पाडव्याआधी न्या. मृगाच्या तोंडावर मागणी एकदम वाढते, तेव्हा हिरवा माल असेल तर आम्ही तसे सांगूनच देतो.

ओलावा मोजायचे यंत्र काट्याशेजारीच आहे. ते कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्केवारी काढते, त्यामुळे वरचे 20 टक्के तिथे 25 दिसतात. फाटा मधोमध फोडून घ्या, आतल्या बाजूला यंत्र टोचा, आकडा पाहा. मगच वजन करू.