सर्व्हिसिंगनंतरचे पहिले काही तास

इंजिन बंद पडून एखादं छोटं विमान शेतात उतरलं की पहिला संशय इंजिनाच्या वयावर जातो. नुकत्याच झालेल्या दुरुस्तीवरही तितकाच संशय घ्यायला हवा, हे खरं तर दुसऱ्या महायुद्धातच लक्षात आलं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या लिबरेटर विमानांची दर 50 तासांच्या उड्डाणानंतर तपासणी होई. सी. एच. वॉडिंग्टन या मूळच्या जीवशास्त्रज्ञाने 1943 च्या सुमारास बिघाडांच्या नोंदी चाळल्या. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वाधिक आणि पुढच्या तासांत कमी कमी, असं चित्र निघालं. धडधाकट यंत्र उगाच उघडण्यातच धोका होता. हे काम छापून यायला मात्र 1973 साल उजाडलं.

पुढे 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या अहवालानेही तेच दाखवलं. अभ्यासलेल्या भागांपैकी 68 टक्के भागांत बिघाडाची शक्यता बसवल्यानंतर सुरुवातीलाच जास्त होती.

छोट्या विमानांत हा धोका कुठे दडतो, ते सिलिंडर बदलताना कळतं. प्रशिक्षण विमानांत बहुधा समोरासमोर आडव्या सिलिंडरचं पिस्टन इंजिन असतं. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाचे, दोन अर्धे भाग आवळून धरणारे काही लांब बोल्ट सिलिंडरही धरून ठेवतात. एक सिलिंडर काढला की आतल्या मुख्य बेअरिंगवरची, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागावरची, पकडही सैल होते. त्या अवस्थेत कुणी प्रोपेलर फिरवला तर बेअरिंग सरकू शकतं, त्याला तेल पुरवणारं छिद्र झाकलं जाऊ शकतं. बसवताना जोडाच्या पृष्ठभागावर रंग राहिला तर तो उष्णतेने दबतो आणि नटांचा ताण उतरतो. नट किती आवळला ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचवर आकडा अगदी बरोबर दिसलेला असतो, आणि तरीही काही तासांनी सिलिंडर धरणारा स्टड (आट्यांचा खिळा) तुटून सिलिंडर सुटतो. मला यातली सर्वात भयंकर गोष्ट हीच वाटते: काम करणाऱ्याला त्या क्षणी काहीच चुकल्याची खूण दिसत नाही.

मोठ्या विमानाला निदान दुसऱ्या इंजिनाचा आधार असतो. 5 मे 1983 रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात देखभालीच्या वेळी तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरवर (तेलातले धातूकण पकडणाऱ्या भागावर) ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, बसवायच्या राहिल्या होत्या. तेल गळालं, एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं आणि मग उरलेली दोन्ही बंद पडली; शेवटी ते आधीच बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू झालं आणि 172 जण वाचले. एकच इंजिन असलेल्या विमानात वैमानिकाच्या हाती उरते ती उंची आणि खालची मोकळी जागा.

महाराष्ट्रात हा विषय ऑक्टोबर 2023 मध्ये ऐरणीवर आला. बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं आठवड्याभरात कोसळली, तेव्हा डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, देखभाल तपासण्यासाठी तिची प्रशिक्षण उड्डाणं थांबवली.

आता बोरस्कोपने, म्हणजे छिद्रातून आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यासारख्या उपकरणाने, सिलिंडर न काढता आत पाहता येतं, तेलातले धातूकण प्रयोगशाळेत तपासता येतात. नाजूक कामानंतर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची आणि पहिलं उड्डाण प्रवासी किंवा विद्यार्थी न घेता, विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत करायचं, ही पद्धत प्रत्येक हँगरमध्ये सक्तीने पाळली जायला हवी.