फ्लोरल डिप

अराबिडॉप्सिस थॅलियाना या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपात बाहेरचे जनुक घालण्याची पद्धत. फुलोरा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स या जिवाणूच्या द्रावात बुडवायचा आणि पुढे धरणाऱ्या बियांतून बदललेली रोपे वेचायची, एवढेच तिचे स्वरूप. ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशींच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोप वाढवणे, लागत नाही. १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी यासाठी निर्वात दाब वापरला होता. १९९८ मध्ये स्टीव्हन क्लॉ आणि अँड्र्यू बेंट यांनी निर्वात पंपाचीही गरज नसल्याचे दाखवले.

पहिला फुलदांडा खुडला की बाजूने अनेक दांडे फुटतात. त्यानंतर ४ ते ६ दिवसांनी, कळ्या भरपूर आणि उमललेली फुले मोजकी असताना, रोप बुडवण्याजोगे होते. जिवाणू २८ अंश सेल्सिअसला रात्रभर वाढवून सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवतात आणि ५ टक्के साखरेच्या पाण्यात पुन्हा कालवतात. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजलेला द्रावाचा गढूळपणा सुमारे ०.८ असावा. साखर साधी खायची चालते. बुडवण्याच्या अगदी आधी लिटरमागे ५०० मायक्रोलिटर सिल्वेट एल-७७ हे ओलावा पसरवणारे रसायन घालतात. त्याने पृष्ठताण मोडतो आणि द्राव कळ्यांच्या आत शिरतो. ते जास्त पडले तर मात्र कळ्या करपतात. फुलोरा काही सेकंद द्रावात हलवून रोप आडवे ठेवतात आणि दमटपणा टिकावा म्हणून दिवसभर झाकतात.

जनुक पोहोचते ते बीजांडात. अंडाशय सुरुवातीला वरून उघडा असतो आणि फूल उमलण्याच्या साधारण ३ दिवस आधी मिटतो. जिवाणूला आत शिरायला तेवढीच फट. उमललेली फुले बुडवून उपयोग नाही तो यामुळेच. प्रत्येक कळीची वेळ वेगळी, म्हणून आठवड्याने दुसऱ्यांदा बुडवल्यास हाती लागणारी रोपे वाढतात. एकाच शेंगेतले बदल बहुधा एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि पहिल्या पिढीत जनुक जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर असते, हेही जनुक बीजांडात पोहोचते यातूनच येते.

साधारणपणे शंभरात एक बी बदललेले निघते. १,००० बियांचे वजन जेमतेम २० मिलिग्रॅम, त्यामुळे हा आकडा वाटतो तितका निराशाजनक नाही. बिया निर्जंतुक करून लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅनामायसिन हे प्रतिजैविक असलेल्या माध्यमावर पसरतात आणि २ ते ४ दिवस ४ अंशाला ठेवून मग प्रकाशात आणतात. घातलेल्या जनुकासोबत कॅनामायसिन सहन करण्याचे जनुकही गेलेले असते, म्हणून आठवडा-दहा दिवसांत बाकीची रोपे पिवळी पडतात. बदललेले रोप हिरवे राहते, त्याला खरी पाने फुटतात आणि मूळ माध्यमात उतरते. नुसत्या हिरव्या बीजपत्रांवर विसंबू नये, मूळ पाहावे. बिया दाट पेरल्या तर नकली हिरवी रोपे तग धरतात. बियांसोबत आलेला जिवाणू माध्यमावर पसरत असेल, तर त्याला मारणारे टिमेंटिनसारखे प्रतिजैविक घालावे लागते.

टी-डीएनए, म्हणजे जिवाणू रोपाच्या पेशीत सोडतो तो जनुकासह डीएनएचा तुकडा, गुणसूत्रात कुठेही बसतो आणि जागेनुसार जनुकाचा आविष्कार (त्याचे काम) कमी-जास्त होतो, म्हणून एका रोपावरून निष्कर्ष काढत नाहीत. दुसऱ्या पिढीत कॅनामायसिनवर हिरव्या आणि पिवळ्या रोपांचे ३:१ प्रमाण आले तर जनुक एकाच ठिकाणी बसले आहे. १५:१ आले तर दोन वेगळ्या ठिकाणी. ज्या रोपाची तिसऱ्या पिढीतली सगळी संतती कॅनामायसिनवर हिरवी राहते, तेच प्रयोगासाठी राखतात.